दुखणे मुलाचे, वळण घरचे

लहान मुलाच्या दुखण्याचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे सहसा दोनच व्यक्ती उभ्या राहतात. एक म्हणजे कण्हणारे मूल आणि दुसरी म्हणजे त्याला तपासणारा डॉक्टर. आईवडील तेथे असतात, पण औषधाची चिठ्ठी घेण्यासाठी दाराशी थांबल्यासारखे. पडून झालेली जखम, कानाचा ठणका, दाढेची कळ अशा चार दिवसांत संपणाऱ्या दुखण्यांच्या बाबतीत हे चित्र पुष्कळसे खरेही असते. डॉक्टर कारण शोधतो, औषध देतो आणि कारण नाहीसे झाले की दुखणेही जाते. परंतु दुखणे महिनोन् महिने रेंगाळू लागले म्हणजे हे चित्र अपुरे पडते. अशा वेळी उपचाराचा फार मोठा भाग दवाखान्यात नव्हे, तर घरात पार पडत असतो, आणि तो कसा पार पडेल हे आईवडिलांच्या वागण्यावर बरेचसे अवलंबून असते.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशी वेदना म्हातारपणीच होते, मुलांना नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी नेश या आपल्या सहकाऱ्यासह एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली. ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. निदान तीन महिन्यांच्या अवधीत तीन वेळा तरी नेहमीच्या व्यवहारात अडथळा यावा इतपत पोटदुखी झालेली मुले या पाहणीत दर दहांमागे एक या प्रमाणात आढळली. अशा मुलांपैकी फारच थोड्यांच्या पोटात प्रत्यक्ष अवयवाचा दोष सापडला. पोटदुखीप्रमाणेच डोकेदुखी, पाठदुखी, सांध्यांची व स्नायूंची दुखणी हीही मुलांमध्ये दीर्घकाळ राहू शकतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अवयवात दोष सापडला नाही म्हणजे मूल ढोंग करते असे मुळीच नव्हे. वेदना ही विजेच्या घंटीसारखी असते, एका टोकाला कळ दाबली की दुसऱ्या टोकाला मेंदूत घंटा वाजते, ही कल्पना शास्त्रज्ञांनी केव्हाच सोडून दिली आहे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी असे प्रतिपादन केले की, शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूमध्ये जणू एका फाटकातून पुढे जातात आणि ते फाटक किती उघडे राहील हे काही अंशी मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांवर अवलंबून असते. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी त्याचा गाभा टिकून आहे. भीती, थकवा, अपुरी झोप आणि दुखण्याकडे सतत लागलेले लक्ष यांमुळे हे फाटक अधिक उघडते. मन दुसरीकडे गुंतले, मनाला भरवसा वाटला, की ते मिटू लागते. खेळात रमलेल्या मुलाला आपला गुडघा फुटल्याचे घरी आल्यावर कळते, हा अनुभव सर्वांच्याच परिचयाचा आहे. दीर्घकालीन वेदनेत ही संदेशवहनाची यंत्रणाच हळवी होऊन बसते. मग आतड्यांच्या साध्या हालचालीनेही पोटात कळ उठते. ती कळ खरी असते. तिच्यामागे धोका मात्र नसतो.

उपचारांचे स्वरूप यावरूनच ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मुलांच्या दीर्घकालीन वेदनेविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत औषधांच्या बरोबरीने शारीरिक आणि मानसशास्त्रीय उपचारांना स्थान दिलेले आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की मुलाने रोज ठरलेला व्यायाम करावा, वेळेवर झोपावे व उठावे, शरीर सैल सोडण्याचा आणि संथ श्वसनाचा सराव करावा, आणि थोडेफार दुखत असतानाही टप्प्याटप्प्याने शाळेत व खेळात परतावे. या यादीकडे जरा नीट पाहिले म्हणजे ध्यानात येते, की यातील प्रत्येक गोष्ट मुलाला स्वतः करावयाची आहे. आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया मुलावर केली जाते आणि त्या वेळी मूल गुंगीत असते. येथे मात्र मूल स्वतःच स्वतःचा उपचार करीत असते. दहा वर्षांच्या मुलाने कंटाळवाणे, क्वचित दुखरे असे काम रोजच्या रोज करावे, तेही ज्याचे फळ आठवड्याआठवड्यांनी दिसावयाचे असे, ही अपेक्षा लहान नाही. ती पुरी होईल की नाही हे ठरवण्यात घरच्या वळणाचा मोठा वाटा असतो.

वळणांचे प्रकार

मुलांना वाढवण्याच्या रीतींचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील बर्कली येथील मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६० नंतरच्या दशकात सुरू केला. बालवाडीच्या वयाची मुले व त्यांचे आईवडील यांचे निरीक्षण करून त्यांनी तीन रीती वर्णिल्या. पहिलीत पालक हुकूम सोडतात आणि कारण सांगण्याची गरज मानीत नाहीत. दुसरीत पालक मायाळू असतात, परंतु मुलाकडून कशाचीच अपेक्षा धरीत नाहीत. तिसरीत माया आणि अपेक्षा दोन्ही असतात. नियम पक्के असतात, पण ते समजावून सांगितले जातात आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जाते. या तिसऱ्या रीतीला आपण येथे समंजस शिस्त म्हणू. १९८३ साली एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी या वर्गीकरणात चौथ्या रीतीची भर घातली. तीत माया नाही आणि अपेक्षाही नाहीत, म्हणजे थोडक्यात दुर्लक्ष.

हे वर्गीकरण कागदावर जितके स्वच्छ दिसते तितके घरात दिसत नाही. एकच आई सकाळी समंजस आणि संध्याकाळी थकल्यावर हुकूम सोडणारी असू शकते. तरीही वेदनेच्या प्रश्नाकडे पाहताना ते उपयोगी पडते, कारण दुखणाऱ्या मुलापुढे बहुतेक पालक दोहोंपैकी एका टोकाला झुकतात.

अकरा वर्षांची एक मुलगी कल्पनेत आणू. तिचे पोट गेले पाच महिने अधूनमधून दुखते. सर्व तपासण्या झाल्या आहेत आणि धोक्याचे काही नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सोमवारी सकाळी ती पोट धरून बसते. एका घरात वडील म्हणतात, “नाटके पुरेत, दप्तर उचल.” दुसऱ्या घरात आई तिला पुन्हा अंथरुणावर निजवते, शेकायला गरम पाण्याची पिशवी देते, मऊ भात करते आणि दर अर्ध्या तासाने विचारते, “आता कसं वाटतंय? अजून दुखतंय का गं?” तिसऱ्या घरात आई म्हणते, “दुखतंय ना, मला ठाऊक आहे. तो श्वासाचा सराव पाच मिनिटं कर, मग आपण निघू. पहिल्या दोन तासांना तरी बसायचं असं आपलं ठरलंय.”

पहिल्या घरातील मुलीला आपल्यावर विश्वास ठेवला जात नाही एवढेच कळते. दुखणे खरे असल्याचे सिद्ध करण्याचा एकच मार्ग तिला उरतो, तो म्हणजे अधिक दुखणे. दुसरे घर आपल्याला प्रथमदर्शनी आदर्श वाटते. परंतु संशोधकांचे लक्ष सर्वाधिक वेधून घेतले आहे ते याच दुसऱ्या घराने.

मायेचा उलटा परिणाम

सिॲटल येथील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रौढ रुग्णांविषयी एक साधे निरीक्षण मांडले होते. कण्हणे, लंगडणे, अंथरूण धरणे ही वेदनेमुळे घडणारी वागणूक असली, तरी तिच्यानंतर जे घडते त्यामुळे ती वाढते किंवा कमी होते. दुखले की विश्रांती, दुखले की औषध, दुखले की आपुलकीची विचारपूस असा क्रम बसला म्हणजे शरीर नकळत तो क्रम शिकते. यात लबाडी नसते. म्हणून फोर्डाइस यांनी विश्रांती आणि औषध यांचा संबंध वेदनेशी नव्हे, तर घड्याळाशी जोडला. ‘दुखेपर्यंत चाला’ असे न सांगता ‘दहा मिनिटे चाला आणि मग बसा’ असे सांगावयाचे. विश्रांती तीच, पण ती दुखण्याची नव्हे, तर चालण्याची कमाई ठरते.

मुलांच्या बाबतीत या विचाराची कसोटी अमेरिकेतील नॅशव्हिल येथे लिन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिली. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. वारंवार पोट दुखणारी मुले आणि निरोगी मुले अशा दोन्ही गटांतील मुलांना पोट तुडुंब भरेपर्यंत पाणी प्यावयास दिले. त्यामुळे पोटात अस्वस्थता निर्माण होते, अपाय मात्र होत नाही. त्यानंतर मूल आपल्या पालकाजवळ बसले. काही पालकांना मुलाच्या त्रासाची सहानुभूतीने विचारपूस करण्यास सांगितले होते, काहींना बोलणे हळूच दुसऱ्या विषयाकडे वळवण्यास सांगितले होते, आणि काहींना कोणतीच सूचना नव्हती. कोणत्या पालकाने कसे वागावे हे दैवयोगाने ठरवले होते. सूचना नसलेल्या गटाशी तुलना करता, विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि लक्ष वळवलेल्या मुलांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. निरोगी मुलांतही हेच घडले.

या प्रयोगातील खरी विचारात पाडणारी गोष्ट आणखी पुढेच आहे. ज्यांचे लक्ष वळवले गेले त्या मुलांनी आपल्याला पालकांमुळे बरे वाटले असे अधिक प्रमाणात सांगितले. पोटदुखीच्या मुलांच्या पालकांना मात्र लक्ष वळवणे हेच मुलाला अधिक बाधक ठरेल असे वाटत होते. म्हणजे मुलाला ज्याने बरे वाटते तेच पालकाला निष्ठुर वाटते. दुखणाऱ्या लेकराशी आपण क्रिकेटच्या गप्पा मारतो आहोत, ही जाणीव कोणत्याही आईला टोचणारच.

असे का व्हावे? मूल स्वतःच्या शरीराचा अर्थ मोठ्यांच्या चेहऱ्यावर वाचते. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नामुळे त्याचे लक्ष दुखण्यावर खिळते हे एक. शिवाय, आई एवढी घाबरली आहे तेव्हा काहीतरी भयंकर असले पाहिजे, असा अर्थही ते काढते. सुई टोचण्यासारख्या प्रसंगीही संशोधकांना आढळले आहे, की ‘काही नाही हं, काही नाही’ असे पुन्हा पुन्हा समजावणे आणि मुलाची अस्वस्थता वाढणे या गोष्टी बरोबर जातात. मूल शब्दांपेक्षा आवाजातील कंप अधिक ऐकते. भीती वाढली की हालचाल टाळली जाते, हालचाल टाळली की स्नायू दुबळे होतात, झोप बिघडते, शाळा बुडते, अभ्यास मागे पडतो आणि शाळेचीच धास्ती वाटू लागते. पाच महिन्यांपूर्वी केवळ पोट दुखत असते. आता सोमवारची सकाळच दुखू लागते.

पालकांचे वागणे बदलून हे चक्र थांबवता येते काय, हे रोना लेव्ही यांनी सिॲटलमध्ये पाहिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात वारंवार पोट दुखणारी दोनशे मुले आणि त्यांचे पालक सहभागी होते. निम्म्या कुटुंबांना तीन बैठकांत शरीर शिथिल करणे, दुखण्याविषयीचे घाबरवणारे विचार ओळखणे आणि मुलाच्या निरोगी वागण्याकडे अधिक लक्ष देणे या गोष्टी शिकवल्या. उरलेल्यांना तेवढाच वेळ पचनसंस्थेविषयी व आहाराविषयी माहिती दिली. पहिल्या गटातील पालकांच्या नोंदीनुसार मुलांची वेदना अधिक कमी झाली. ही नोंद पालकांची होती हे विसरता कामा नये, कारण बदललेल्या नजरेला दुखणेही कमी दिसू शकते. तथापि तीन बैठकांत एवढा फरक पडावा हे थोडे नव्हे.

आईला दोष देण्याची घाई

या संशोधनाचा दुरुपयोगही होऊ शकतो, आणि आपल्याकडे तो होण्याचा संभव अधिक आहे. ‘लाडावून ठेवलंय, म्हणून दुखतं’ हे वाक्य सासरमाहेरी ऐकावे लागलेल्या आया थोड्या नसतील. शास्त्र असे म्हणत नाही. ज्या मुलाला अधिक दुखते त्याची आई अधिक जपते हेही तितकेच खरे आहे. कारण आणि परिणाम येथे एकमेकांचा हात धरून चालतात. शिवाय निदान होण्यापूर्वी आई जपते, धावपळ करते, चार डॉक्टरांची दारे ठोठावते, तेव्हा ती अगदी योग्य तेच करीत असते. तीव्र आजारात उपयोगी पडणारे वागणे दीर्घ आजारात तसेच चालू राहिले, एवढाच काय तो दोष.

दुसरा अडथळा असा, की या अभ्यासांपैकी बहुतेक पाश्चात्त्य देशांतील छोट्या कुटुंबांवर बेतलेले आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांचा अभ्यास करून रूथ चाओ यांनी १९९४ साली दाखवून दिले, की बाहेरून हुकूमशाही दिसणारी शिस्त त्या घरांतील मुलांना मायेचीच खूण वाटू शकते. भारतीय वाचकाला हे सहज पटावे. आपल्याकडे तर एकाच छताखाली तीन रीती नांदतात. आई डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मुलीला शाळेत धाडू पाहते, वडिलांना सारेच थोतांड वाटते, आणि आजी म्हणते, “जीव महत्त्वाचा की शाळा?” आजीचे चुकते असे मुळीच नव्हे. तिच्या आयुष्यात तापाने, जुलाबाने दगावलेली मुले तिने पाहिलेली असतात, आणि तिची धास्ती त्या अनुभवातून आलेली असते. परंतु मुलीला तीन घरांतून तीन उत्तरे मिळाली तर ती साहजिकच सर्वांत सोपे उत्तर निवडते. म्हणून डॉक्टरांशी बोलताना आजीला बरोबर नेणे हे पुष्कळदा औषधाच्या नव्या चिठ्ठीपेक्षा अधिक गुणकारी ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मदतीचे आणखी एक रूप येथे सांगितले पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी १९८८ साली सहकाऱ्यांसह त्याचे वर्णन केले, आणि पुढे बार्बरा अँडरसन यांच्यासमवेत दीर्घ आजार असलेल्या मुलांना ते लागू केले. त्याला आपण ‘फसलेली मदत’ म्हणू. पालक प्रथम मनापासून साहाय्य करतात. गुण लवकर येत नाही. मग आठवण करून देण्याचे टोमणे होतात, टोमण्यांची भांडणे होतात, आणि व्यायाम किंवा गोळी हे दुखण्यावरचे साधन न राहता आईवडील व मूल यांच्यातील रस्सीखेचीचा दोर बनते. व्यायाम न करणे हा मुलाच्या दृष्टीने विजय ठरतो. समंजस शिस्तीचा उपयोग येथे विशेष दिसतो. काय करावयाचे हे पक्के असते, पण कधी आणि कसे हे ठरवण्यात मुलाला वाटा असतो. शाळेपूर्वी की खेळून आल्यावर, धाकट्या भावाबरोबर की एकट्याने, हा निर्णय त्याचा.

जेथे धोका खरा असतो

येथवरचे विवेचन धोका नसलेल्या वेदनेला धरून झाले. सर्व दीर्घ दुखणी तशी नसतात. आपल्या देशाच्या संदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये आढळला. मध्य प्रदेश, छत्तीसगढ, ओडिशा, गुजरात आणि महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबारकडील पट्टा येथे त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. २०२३ साली केंद्र शासनाने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग आणि अतिश्रम ही त्या उद्भवण्याची नेहमीची निमित्ते होत.

येथे लक्ष दुसरीकडे वळवण्याचा उपदेश आंधळेपणाने पाळणे घातक ठरेल. ताप, छातीत दुखून धाप लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, प्लीहा एकाएकी वाढून पोट फुगणे यांपैकी काहीही दिसले तर मुलाला तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे. परंतु दोन झटक्यांच्या मधले दिवस, आठवडे, महिने हे मोठे असतात, आणि घरच्या वळणाची कसोटी त्याच काळात लागते. काही घरांत मुलाला खेळू, पोहू, सहलीला जाऊ दिले जात नाही. ते अंगणातल्या ओट्यावर बसून इतरांचा खेळ पाहत मोठे होते. काही घरांत झटका ओसरला की आजारच संपला असे मानले जाते. दोहोंच्या मधली वाट अशी, की मुलाने खेळावे, पण पाण्याची बाटली जवळ असावी, दमल्यावर थांबण्यात त्याला कमीपणा वाटू नये, आणि थंडीत अंगात स्वेटर असावा.

औषधाची गोष्ट अधिक अवघड आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज घेतल्याने वेदनेच्या झटक्यांची संख्या कमी होते. परंतु त्याचा गुण दिसण्यास काही आठवडे, महिनेही लागतात, आणि मधूनमधून रक्त तपासून घ्यावे लागते. आज गोळी चुकवली म्हणून आज दुखत नाही, आणि आज घेतली म्हणून आजचे दुखणे थांबत नाही. गोळीचा आणि सुखाचा संबंध मुलाला स्वानुभवाने कळू शकत नाही. तो संबंध काही वर्षे पालकांनी आपल्या नियमितपणाने टिकवून धरावा लागतो. रात्रीच्या जेवणानंतर ताट उचलण्यापूर्वी गोळी, एवढा साधा परिपाठही पुरतो. प्रवचनाची गरज नसते.

मूल तेराचौदा वर्षांचे झाले की ‘आता तुझे तू बघ’ असे म्हणण्याचा मोह होतो. दीर्घ आजारांच्या उपचारांत ही वेळ नाजूक असते, कारण जबाबदारी एकदम सोपवली की गोळ्या चुकू लागतात. ती हप्त्याहप्त्याने सोपवणे बरे. प्रथम गोळी मुलाने घ्यावी आणि पालकांनी पाहावे. मग मुलाने घेऊन सांगावे. त्यानंतर पालकांनी रविवारी एकदा उरलेल्या गोळ्या मुलाबरोबर बसून मोजाव्यात. संख्या चुकली तर रागावण्याऐवजी कोणत्या वारी विसर पडतो याचा शोध घ्यावा. डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरेही हळूहळू मुलाने द्यावीत आणि आईने मागच्या खुर्चीवर बसावे.

आदिवासी भागांतील अनेक मुलांना हा हप्त्यांचा अवकाशच मिळत नाही. ती सहासात वर्षांची असतानाच आश्रमशाळेच्या वसतिगृहात जातात, आणि घरची मंडळी त्यांना सुटीतच भेटतात. त्यांच्या बाबतीत पालकाची जागा अधीक्षक, अधीक्षिका आणि वर्गशिक्षक यांच्याकडे येते. रात्री मूल पाय धरून रडू लागले तर ते घरी जाण्याचा बहाणा करते आहे की झटका येतो आहे, हा निर्णय त्यांना करावा लागतो. त्यासाठी मुलाच्या आजाराची नोंद, धोक्याच्या लक्षणांची यादी आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता त्यांच्या हाताशी असावा लागतो. आणि मुलाला पोहोचवावयास आलेल्या आईने जाण्यापूर्वी गोळ्यांची डबी मुलाच्या पेटीत न ठेवता अधीक्षिकेच्या हाती द्यावी, आणि ती मुलाच्या देखत द्यावी.